सौनातलं हरीण

बाबांनी सहा वर्षांत एकही बाण सोडला नव्हता, आणि त्यामुळेच ते आमच्या भागातले सगळ्यात मोठे शिकारी मानले जात होते.

यात हसण्यासारखं काही नाही. इथे मिशिगनच्या उत्तर टोकाला बंदूक काय, कुणीही चालवतो. धनुष्याचं तसं नाही. हरीण अगदी जवळ यावं लागतं, आडवं उभं राहावं लागतं, त्याचा आपल्याकडचा पुढचा पाय जरा पुढे टाकलेला असावा लागतो. मग बाण खांद्यामागून दोन्ही फुप्फुसांतून जातो आणि काय झालं हे कळायच्या आत जनावर पडतं. यातलं एक जरी जुळलं नाही तर ओढलेली दोरी हळूच सैल करायची आणि घरी येऊन मुकाट कॉफी प्यायची. बोलतात सगळेच असं. पाळतात किती, ते मला विचारू नका. आमचे बाबा, आर्विड लाहती, पाळायचे.

"आज एक नर आला होता," ते मचाणावरून परत आल्यावर सांगायचे.

"मग?"

"त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. अशा वेळी मारणं बरं नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. अशा वेळी तर मुळीच नाही."

लोक थक्क व्हायचे. दरवर्षी तीन-तीन हरणं मारणारे दांडगट बाप्ये बाबांसमोर टोपी काढून उभे राहायचे. चर्चच्या हॉलमध्ये नव्या शिकाऱ्यांचा वर्ग भरतो, तिथे त्यांना भाषणाला बोलावलं. बाबा उठले, "सोडू नका," एवढंच म्हणाले आणि बसले. टाळ्या थांबेनात. पाद्री म्हणाले, इतकं नेमकं प्रवचन मला अजून जमलेलं नाही.

जखमी जनावराच्या बाबतीत तर ते फारच कडक. जंगलातल्या आमच्या शिकारी कॅम्पचा नियम त्यांनीच घातलेला: बाण लागला आणि जनावर सापडलं नाही, तर धनुष्य खुंटीला. किती दिवस, ते बाबा ठरवणार. माझ्या धाकट्या भावाने, तौनोने, एकदा एका हरणाची नुसती शेपटी खरवडली होती. त्यापायी त्याने लागोपाठ तीन हंगाम कॅम्पवर बटाटे सोलले. बाबा जेवताना त्याच्याकडे बघून म्हणायचे, "ते जनावर आज कुठे असेल रे?" पोराच्या घशाखाली घास उतरत नसे. पोर कसला, पन्नाशीचा घोडा.

माझं काम जखमी हरणं शोधून द्यायचं. म्हणजे शोधते ती माझी कुत्री पुल्ला, आखूड पायांची, खरखरीत केसांची. मी तिच्या दोरीचं दुसरं टोक धरून काट्याकुट्यांतून फरफटत जाते. लोक आभार कुत्रीचे मानतात.

तर ऑक्टोबरातला तो शनिवार. सकाळी आम्ही चौघं कॅम्पवर होतो. बाबा, तौनो, मी आणि बाबांचे जुने दोस्त एर्कीकाका. एर्कीकाका बोलत नाहीत. त्यांची बायको वारली तेव्हा "गेली" एवढंच म्हणाले, तेही कुणीतरी विचारल्यावर. उन्हं वर आली आणि बाबा मचाणावरून परत आले. दार उघडून उंबऱ्यात उभे राहिले. त्यांच्या भात्यात एक बाण कमी होता.

"सोडला," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला चमचा खाली पडला. एर्कीकाकांनी तोंडातला पाईप काढला. त्यांच्या हिशोबाने ही आरडाओरडच म्हणायची.

"नर. मोठा," बाबा खुर्चीत बसत म्हणाले. "उजाडलं तेव्हापासून तिथेच उभा होता. आडवा. पाय पुढे. मार्ता, आयुष्यात इतकं शांत जनावर मी पाहिलं नाही गं. कान हलवला नाही, शेपटी हलवली नाही. मी तासभर वाट बघितली, काहीतरी चूक निघेल म्हणून. निघाली नाही. म्हटलं, आता नाही सोडला तर तो माजच होईल."

"आणि लागला?"

"धप्प आवाज आला. भरीव. मग मी मागच्या बाजूने उतरलो आणि इकडे आलो. आता थोडा वेळ कुणी जायचं नाही. त्याला निवांत पडू दे."

नियमच आहे तो. बाण लागल्यावर लगेच मागे धावलं तर जनावर जीव खाऊन पळतं आणि मैलभर लांब जाऊन मरतं. म्हणून थांबायचं. मी बाबांच्या गळ्यात पडले. त्यांचा चेहरा तरण्या पोरासारखा फुलला होता. मग मी तौनोकडे पाहिलं. तो पिठासारखा पांढरा पडला होता.

"बाबा, कुठल्या मचाणावर होतात?" त्याने विचारलं.

"ओढ्याजवळच्या. वारा फिरला म्हणून टेकडीवर गेलोच नाही."

"मी जरा लाकडं आणतो," तौनो म्हणाला, आणि मला डोळ्यांनी खुणावत बाहेर पडला. लाकडांचा ढीग आत छतापर्यंत लागलेला होता.

मी सरपणाच्या छपरामागे गेले. तौनो दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता.

"ताई, ते माझं हरीण आहे."

"तुझं म्हणजे?"

"फोमचं. नेमबाजीचं. काल संध्याकाळी ओढ्याजवळ उभं केलं मी, नवीन धनुष्य तपासायला. बाबा टेकडीवर बसणार म्हणाले होते ना! सकाळी उचलणारच होतो गं."

मला आधी हसू आलं. खरं सांगते, पोट धरून हसले. त्या हरणाचं एक शिंग मोडलेलं आहे, एका कानाला चिकटपट्टी लावलेली आहे, पोटावर निशाण्याची वर्तुळं आहेत. आणि हसता हसता मी एकदम थांबले. बाबा हल्ली कपात कॉफी ओतताना काठावर बोट का ठेवतात, ते कळलं. मी आले की मी काही बोलेपर्यंत ते गप्प का राहतात, ते कळलं. सहा वर्षांचा सगळा संयम माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि तो संयम नव्हताच.

"तौनो, त्यांना दिसत नाही रे."

"मग सांग जा तू."

"मी का? हरीण तुझं."

"मोठी तू."

दोघं मिळून शंभरी ओलांडलेली भावंडं आम्ही, लाकडांमागे शेंबड्या पोरांसारखी भांडत होतो. कारण सरळ होतं. आमच्यात ज्याला नेम दिसत नाही त्याने धनुष्य ठेवायचं, हेही बाबांनीच शिकवलेलं. खरं सांगितलं की त्यांचं धनुष्य गेलं. आई गेल्यापासून त्यांना त्याच्याशिवाय दुसरं होतं काय? शेवटी ठरलं असं की तौनो हरीण उचलून कुठेतरी लपवेल, बाबांना सांगायचं की बाण चुकला, आणि मग सावकाश, नाताळच्या सुमाराला, डॉक्टरचा विषय काढायचा. म्हणजे काय, तर दोघंही पळपुटी.

तासाभराने आम्ही बाबांबरोबर ओढ्याजवळ गेलो. हरीण नव्हतं. तोवर ठीक होतं. पण गवतावर लाल थेंब होते. चांगले ठसठशीत, आणि ते थेट झाडीत गेलेले. मी तौनोकडे पाहिलं. तो अभिमानाने हळूच कुजबुजला, "चुकला म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल ना. म्हणून."

"कसलं आहे हे?"

"कपाटातलं बीट."

माझ्या आजीच्या पद्धतीने, व्हिनेगरमध्ये लवंगा घालून मुरवलेलं बीट. मी स्वतः घातलं होतं ते, थँक्सगिव्हिंगसाठी. त्या अर्धवटाच्या मुस्कटात मारायला हात शिवशिवला, पण बाबा गुडघ्यांवर बसले होते.

"रक्त कसं आहे, मार्ता? फेस आहे का?" त्यांनी विचारलं. फेस असेल तर फुप्फुस, म्हणजे काम तमाम. गडद असेल तर यकृत.

"फेस नाही बाबा."

"रंग?"

माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "जांभळट."

बाबांनी एक पान उचललं, चोळलं, नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगत राहिले. मग त्यांचा चेहरा असा काही उतरला की मी आयुष्यात विसरणार नाही.

"आंबट," ते म्हणाले. "पोटात लागलाय."

शिकाऱ्याला याहून वाईट बातमी नसते. पोटात बाण लागलेलं हरीण मरतं, पण तासन्‌तास मरत राहतं. बाबांनी तसा बाण आयुष्यात कधी मारला नव्हता. दुसऱ्या पानावर मला एक लवंग दिसली. ती मी झटकन खिशात टाकली. दुसरं काय करणार होते?

"आता संध्याकाळपर्यंत कुणी हलायचं नाही," बाबा उठत म्हणाले. त्यांना उठायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं झालं आमचं. बाबा कॅम्पच्या पायरीवर जाऊन बसले. मी मांस-बटाटा भरलेली पास्टी गरम करून दिली. त्यांनी तिला हात लावला नाही. "तो पण उपाशीच असेल," म्हणाले. "त्याला तहान लागली असेल. सारखा मागे वळून पोटाकडे बघत असेल, हे काय दुखतंय म्हणून. इतक्या विश्वासाने उभा राहिला होता गं माझ्यासमोर."

"असं नका बोलू, बाबा."

"माझंच चुकलं. इतकी वर्षं हात आवरला आणि आज हाव सुटली."

मी आत गेले. तौनो टेबलाशी भांड्यात काहीतरी घुसळत होता.

"ताई, बिटाच्या पाण्यात साबण घालून बघतोय. फेस छान येतो. पुढच्या झाडीत शिंपडतो, म्हणजे पोटातून जाऊन फुप्फुसात लागला असं होईल."

मी ते भांडं मोरीत ओतलं आणि त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मनाचा हिय्या करून बाहेर आले. आता सांगायचंच. पण बाबा उभेच होते.

"पुल्लाला आण. मला थांबवत नाही."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळपर्यंत..."

"म्हणालो. आण तिला."

बाबांनी स्वतःचा नियम मोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. सांगायचं सोडून मी पुल्लाची दोरी आणायला गेले.

पुढचा अर्धा तास मला कुणी विचारला तर मी आजही विषय बदलते. पुल्ला नाक खाली घालून निघाली, तिच्यामागे मी, माझ्यामागे बाबा, आणि तौनोच्या हातात टॉयलेट पेपरचा गुंडाळा. जिथे जिथे रक्त दिसेल तिथे फांदीला कागदाचा तुकडा बांधायचा, म्हणजे मागे वळून माग कुठून कुठे गेला ते कळतं. तौनोला एरवी सांडलेलं दूध दिसत नाही. त्या दिवशी प्रत्येक थेंब तो आधीच जाऊन धरत होता. शेवाळावरचा, दगडामागचा, पडलेल्या झाडाच्या पलीकडचा.

"शाबास रे," बाबा मागून म्हणाले. "शिकलास शेवटी."

गाढवाला भरून आलं. खरोखर डोळे पुसले त्याने.

माग ओढ्यावरून तळ्याकडे वळला. "पाण्याकडे गेला," बाबा म्हणाले. "पोटात लागलेलं जनावर पाण्याकडेच जातं. जवळ आलोय." तळ्याकाठी आमचा सौना आहे, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली, आजोबांनी लाकडाचे ओंडके रचून बांधलेला. त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. पुल्ला सरळ त्याच्या दारापाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि दार ओरबाडायला लागली.

मी तौनोकडे वळले. "इथे ठेवलंस?"

"दार लागतं म्हणून..."

"आज शनिवार आहे, शहाण्या!"

शनिवारी दुपारी एर्कीकाका सौना तापवतात. आमच्या घरात जन्मलेला माणूस हे विसरू शकतो, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

बाबांनी दार उघडलं. बाहेरची खोली ओलांडून आतलं दार उघडलं. वाफेचा लोट अंगावर आला. आत वरच्या बाकावर एर्कीकाका कमरेला टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, हरीण. उष्णतेने त्याच्या मानेचा जोड सुटला होता आणि डोकं काकांच्या खांद्यावर कललं होतं. बरगड्यांत बाबांचा बाण. जागा होती अगदी जिथे हवी तिथे, खांद्यामागे, बोटभरही इकडे तिकडे नाही.

"दार लावा," एर्कीकाका म्हणाले. "वाफ जातेय."

आम्ही बुटांसकट आत गेलो. पुल्लापण आली. मी दार लावलं.

"एर्की, इथे कुणी आलंय का?" बाबांनी विचारलं.

"मी आलो तेव्हा बसलेलाच होता."

"काकाऽ! आणि तुम्ही काही विचारलं नाहीत?" मी ओरडले.

"सौनात कोण कुणाला काय विचारतं?" काका म्हणाले, आणि तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.

ते खरंच आहे. आमच्यात सौनात आवाज चढवत नाहीत, भांडत नाहीत आणि खोटं बोलत नाहीत. आजोबा तर म्हणायचे, चर्चमध्ये एक वेळ चालेल. बाबांनी हात पुढे केला. त्यांच्या बोटांना आधी बाणाची पिसं लागली. ती त्यांनीच चिकटवलेली, त्यांना ओळखायला डोळ्यांची गरज नव्हती. मग हात बाणावरून खाली गेला, बरगड्यांवर थांबला आणि दाबला. फोम आत गेला आणि परत वर आला. हात मानेवर गेला, कानावरच्या चिकटपट्टीवर गेला, मोडक्या शिंगावर गेला.

"हे कुणाचं आहे?" बाबांनी विचारलं.

"माझं, बाबा," तौनो म्हणाला. "सेलमध्ये घेतलं होतं."

"रक्त?"

"बीट."

"आंबट वास?"

"व्हिनेगर."

बाबा खालच्या बाकावर बसले. कोट, टोपी, बूट, सगळ्यासकट. "लवंग पण होती का?"

"होती," मी म्हणाले. "माझ्या खिशात आहे."

"तरीच." ते एक क्षण हसले, आणि मग ते हसू गेलं. "सकाळपासून मी बाहेर बसून त्या जनावराची माफी मागतोय. तुम्ही दोघं खिडकीतून बघत होतात. पोटात बाण मी नाही मारला. तुम्ही मारलात. मला. आणि सोडून दिलंत, कधी पडतो ते बघत." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "काय शिकवलं होतं मी? तौनोचं जाऊ दे. मार्ता, तुला काय शिकवलं?"

"जवळून मारायचं. नीट बघून. एकदाच."

"मग मार."

माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. पण आता मागे सरायला जागा नव्हती, आणि माझ्या बापाला तसं अर्धवट सोडणं मला होईना.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही," मी म्हणाले. "आज फोम होता. उद्या माणूस असेल. धनुष्य आता तुम्ही उचलायचं नाही. कधीच."

तौनो हुंदका देऊन रडायला लागला. बाबांनी एक लांब श्वास सोडला आणि खांदे खाली आले. मग मान हलवली.

"हं. बरोबर."

"डॉक्टरकडे गेला होतात का?"

"मार्केट शहरात जाऊन आलो. केव्हाच. डोळ्यांचा पडदा झिजलाय म्हणाले, आणि त्याला आता इलाज नाही. मधलं जातं, कडेचं राहतं." त्यांनी चेहऱ्यासमोर मूठ धरली. "बघ, असं. एवढं भोक. ज्याच्याकडे बघावं तेच नसतं. नर यायचा ते कळायचं, झाडी हलायची. नेम धरला की तो नाहीसा. मी आपलं दोरी सैल करून यायचो. तुम्ही लोकांनी माझा संत केलात. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

"मग आज कसा लागला इतका नेमका?" तौनोने नाक ओढत विचारलं.

"आज हललाच नाही ना तो. तिरकं बघून बघून जुळवला. तासभर." आणि मग, जरा थांबून, "चांगला लागलाय पण. नाही का, एर्की?"

एर्कीकाकांनी वाकून बाणाची जागा पाहिली. "झोपलाच असता जागेवर," ते म्हणाले. त्यांच्याकडून कुणाचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं.

"धनुष्याचं तरी ठीक आहे," बाबा म्हणाले. "ते आज ना उद्या जाणारच होतं."

मग त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवल्यासारखं केलं आणि तोंड त्या हरणाकडे वळवलं. अगदी रोखून बघत राहिले त्या मोडक्या शिंगाकडे. मला वाटलं, त्यांना अजून त्याचं दुःख सुटत नाहीये. मी खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले.

"हलू नकोस," ते म्हणाले. "तिथेच थांब. आत्ता कडेला आलीस."

मी थांबले. त्यांची नजर हरणावरून ढळली नाही.

"मार्ता," ते म्हणाले, "तुझे केस पांढरे झालेत की गं."

"झालेत, बाबा."

"कधी?"

"तुमच्यासमोरच," मी म्हणाले.